एक रिपोर्ट म्हणतो डी कमी, दुसरा म्हणतो जास्त, मग खरं कुठलं?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अंबडला कंपनीत नाईट शिफ्ट करतो, दीड महिन्यापूर्वी त्याला फुफ्फुसाचा टीबी निघाला, गोळ्या चालू आहेत. पाय दुखतात म्हणून व्हिटॅमिन डी तपासलं तर ११ आलं. विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये केलं तिथे ७८ आलं आणि 'हाय' लिहिलंय! घरात व्हिटॅमिन डीचे ६०,००० युनिटचे सॅशे आणून ठेवलेत, रोज देऊ का?
– एक ताई, सातपूर

उत्तर : ताई, रोज अजिबात नको, ते आठवड्याला एक घ्यायचं औषध आहे आणि तेसुद्धा डॉक्टरांनी सांगितलं तरच.

आता रिपोर्टचं. दोन्ही बरोबर असू शकतात, कारण त्या दोन वेगळ्या टेस्ट आहेत. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पहिल्यावर २५-हायड्रॉक्सी लिहिलंय आणि आकडा नॅनोग्रॅममध्ये आहे, दुसऱ्यावर १,२५-डायहायड्रॉक्सी आहे आणि तो पिकोग्रॅममध्ये, म्हणजे हजार पट लहान मापात, त्यामुळे ११ आणि ७८ शेजारी ठेवून बघताच येत नाहीत. शरीरात डी किती साठलंय ते पहिल्या टेस्टने कळतं, ते रक्तात दोन-तीन आठवडे टिकतं, आणि २० च्या खाली असेल तर कमतरता धरतात. दुसरं म्हणजे वापरायला तयार झालेलं डी, ते काही तासांतच संपतं, साठा मोजायला त्याचा उपयोग नाही.

आणि टीबीत नेमकं इथेच फसायला होतं. एरवी हे तयार डी मुख्यतः किडनी बनवते, पण टीबीच्या गाठींमधल्या पेशी जंतूशी लढताना ते स्वतःच बनवायला लागतात, म्हणून साठा रिकामा असतानाही हा आकडा वर जाऊ शकतो. अशात वरून रोज सॅशे दिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढायची भीती असते. म्हणून सॅशे सुरू करण्याआधी रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) करून घ्या. खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, गुंगी असं काही दिसलं तर लगेच दाखवा. मळमळ-उलटी टीबीच्या गोळ्यांनी लिव्हरला त्रास झाला तरी होते, ती अंगावर काढू नका.

आणखी एक, ज्या औषधाने लघवी केशरी होते ना, त्या रिफाम्पिसिनमुळे लिव्हर डी लवकर मोडून टाकतं, शिवाय आजारातल्या सुजेमुळेही आकडा खाली दिसतो. म्हणून ११ बघून घाबरू नका आणि गोळ्या तर एक दिवसही बंद करू नका. तीनेक महिन्यांनी परत तपासा, पण तीच टेस्ट, त्याच लॅबमध्ये, कारण मशीन बदललं की आकडा बदलतो.

डी वाढवलं की टीबी लवकर बरा होईल ही आशा बऱ्याच घरांत असते, मला समजतं ते. पण २०११ च्या लंडनमधल्या अभ्यासात पेशंटना १ लाख युनिटचे चार डोस दिले तरी एकूणात थुंकीची टेस्ट फारशी लवकर निगेटिव्ह झाली नाही, म्हणजे थुंकीतले जंतू लवकर गेले नाहीत. डी हाडांसाठी भरायचं, टीबी मारतात त्या गोळ्याच.

माझं लक्ष खरं तर त्याच्या वजनाकडे आहे. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला आहारासाठी सरकार देतं ते, महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात का बघा, नसतील तर टीबी युनिटला विचारा, आणि त्यातून अंडी, शेंगदाणे, डाळ आणा. नाईट शिफ्ट करून दिवसभर झोपणाऱ्या पोराला ऊन मिळणार कुठून, तेव्हा उठल्यावर थोडा वेळ गच्चीवर पाठवा. कॅल्शियमचा रिपोर्ट आला की त्याच्या वजनासकट मला कळवा.