ठेव मोडून कॉम्प्युटर घ्यावा, की आधी कॅसेट वाचवाव्यात?

चिपळूणच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यांच्या घरी 42 जुन्या व्हिडिओ कॅसेट आहेत. त्यातल्या 30 व्हीएचएसच्या मोठ्या आणि 12 छोट्या, 8 मिलिमीटरच्या. या छोट्या त्यांच्या भावाने मस्कतहून आणलेल्या हॅंडीकॅमवर भरलेल्या. 1989 ते 1998 या काळातली लग्नं, मुंज, सासऱ्यांची साठीशांत, घरचा गणपती, शिमग्याची पालखी असं सगळं त्यांत आहे. 2021 च्या पुरात तळमजला पाण्याखाली गेला तरी पोटमाळ्यावरच्या कॅसेट वाचल्या, मात्र आता काहींच्या फितीवर पांढरे ठिपके दिसू लागले आहेत. भाच्याने खर्चाचा कागद करून दिला आहे: कॉम्प्युटर 62 हजार, जुना व्हीसीआर 9 हजार, कॅप्चर कार्ड (कॅसेटचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं यंत्र) आणि वायरी 6 हजार, दोन हार्ड डिस्क 10 हजार, एडिटिंगचं सॉफ्टवेअर 5 हजार, एकूण 92 हजार. पुण्याचा एक स्टुडिओ कॅसेटमागे 450 रुपये अधिक जीएसटी मागतो. ग्रॅच्युइटीची 3 लाखांची ठेव 7 टक्क्यांनी ठेवलेली आहे, मुदत संपायला 14 महिने आहेत. ती मोडून ही सामग्री घ्यावी का आणि गावातल्या लोकांच्या कॅसेट करून देऊन पैसे वसूल होतील का, असं त्या विचारतात.

ताई, नमस्कार.

ठेव मोडू नका, पण कॅसेटचं काम पुढच्या वर्षावरही टाकू नका. भाच्याने दोन निराळी कामं एकाच कागदावर मांडली आहेत, त्यामुळे गोंधळ झाला आहे. कॅसेटमधलं चित्र फाइलमध्ये उतरवणं हे एक काम आणि त्या फाइलची काटछाट करून नीट फिल्म बनवणं हे दुसरं. दुसरं काम पाच वर्षांनी केलंत तरी काही बिघडत नाही, उलट तोवर कॉम्प्युटर स्वस्त मिळेल. पहिल्याला मात्र मुदत आहे, आणि ती बँकेच्या मुदतीसारखी पावतीवर छापलेली नसते.

फितीवरचा चुंबकीय थर ज्या चिकट द्रव्याने धरलेला असतो, ते दमट हवेत हळूहळू सैल होतं. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात बुरशी धरते ती वेगळी. तुमच्या कॅसेट तिशीच्या आसपास पोहोचल्या आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने 2015 मध्येच सांगितलं होतं की चुंबकीय फितींवरचं जे 2025 पर्यंत उतरवलं जाणार नाही, त्यातलं बरंच कायमचं हातचं जाईल. कारण फिती जुन्या होताहेत आणि त्या चालवणारी यंत्रंही संपताहेत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हापासून नवा व्हीसीआर कुठेच बनत नाही. मी सहसा लोकांना खर्च लांबवायला सांगतो. इथे लांबवण्याचीच किंमत जास्त आहे.

आता 92 हजारांचं बघू. ठेव मुदतीआधी मोडली तर बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. 3 लाखांवर ते वर्षाला फार तर 3 हजार होतं. मला त्याची फारशी चिंता नाही. पण 92 हजारांवरचं वर्षाचं 6,440 रुपये व्याज तुमच्या पेन्शनला टेकू देतं, ते कायमचं जाईल. तुमचा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि यजमानांच्या दुकानाचं उत्पन्न हंगामावर चालतं, असं तुम्हीच लिहिलं आहे. अशा घरात हाताशी असलेली ठेव अडीअडचणीसाठी राहिलेलीच बरी.

आणि 62 हजारांचा कॉम्प्युटर कशासाठी? आपल्याकडचं जुनं व्हिडिओ पाल या जुन्या टीव्ही पद्धतीचं. ते कॉम्प्युटरवर येतं 720 बाय 576 ठिपक्यांचं. आजच्या साध्या मोबाइलचं चित्रही याच्या कितीतरी पट मोठं असतं. मुलाचा कॉलेजचा लॅपटॉप एवढं काम आरामात करेल. सॉफ्टवेअरला 5 हजारही नकोत; शॉटकट पूर्ण फुकट आहे, दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्तीही घरगुती कामाला भरपूर होते.

धंद्याचा हिशोब मी मांडून पाहिला. स्टुडिओचाच दर, 450 रुपये, धरला तरी 92 हजार निघायला 205 कॅसेट लागतात. कॅसेट वाजते तेवढाच वेळ उतरवायला लागतो, त्यात घाई करता येत नाही. सरासरी दोन तास धरले तर 410 तास लॅपटॉपसमोर, आणि तेही जुन्या व्हीसीआरचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, मध्येच झिजलं नाही तर. हेड गेलं तर सुटा भाग शोधत फिरावं लागेल. सगळ्यात मोठी जोखीम म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाची एकुलती एक फीत आपल्या यंत्रात अडकून तुटणं. ती भरपाई पैशात होत नाही. भाच्याची मेहनतीची तयारी कौतुकाची आहे, पण निवृत्तीचे पैसे त्यात घालू नयेत.

मी असं करेन. आधी सगळ्या कॅसेट टेबलावर मांडून निवडा. टीव्हीवरून भरून घेतलेल्या मालिका आणि क्रिकेटचे सामने बाजूला काढा, ते इतरत्र मिळतात. एकाच लग्नाच्या दोन-तीन प्रती असतील तर सर्वांत स्वच्छ तेवढी ठेवा. तीच कॅसेट जाऊबाईंकडेही आहे का ते विचारा. 30 पैकी 18 खऱ्या महत्त्वाच्या निघाल्या असं धरू. त्यांचे 8,100 आणि 18 टक्के जीएसटी 1,458, मिळून 9,558 रुपये. ठिपके असलेली कॅसेट घरी कुठल्याही यंत्रात घालू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. स्टुडिओला ती वेगळ्या पिशवीत द्या आणि साफसफाईचे वेगळे पैसे आहेत का ते आधी विचारून घ्या.

छोट्या 12 कॅसेटसाठी भावाला आजच फोन करा. तो हॅंडीकॅम अजून चालत असेल तर वेगळं यंत्र लागतच नाही, कॅमेराच कॅसेट वाजवतो. बॅटरी गेली असली तरी अडॅप्टरवर चालेल. आधी बिनमहत्त्वाची कॅसेट घालून बघा, मग चांगल्या. यूएसबीचं साधं कॅप्चर कार्ड दीड हजारापर्यंत येतं, ते मुलाच्या लॅपटॉपला जोडायचं. कॅमेरा बंद पडला असेल तर याही कॅसेट स्टुडिओला द्या, आणि व्हीएचएसच्या आधी द्या, कारण 8 मिलिमीटरची चालू यंत्रं आणखी दुर्मीळ आहेत.

स्टुडिओकडून डीव्हीडी घेऊ नका. डीव्हीडीत बसवताना चित्र दाबलं जातं आणि पुढे एडिटिंगला ते आणखी खराब होतं. डीव्ही स्वरूपातली, म्हणजे चित्र कमी दाबलेली, फाइल मागा. तासाला साधारण 13 जीबी. निवडलेल्या 18 आणि छोट्या 12 अशा 30 कॅसेट दोन-दोन तासांच्या धरल्या तर 780 जीबी, म्हणजे 1 टीबीची डिस्क पुरते. भाच्याच्या कागदावरची ही एक ओळ मी जशीच्या तशी ठेवेन: दोन हार्ड डिस्क, 10 हजार. एक तुमच्याकडे, दुसरी भावाकडे. पूर पाहिलेल्या घराला दोन्ही एकाच कपाटात ठेवून चालणार नाही.

सगळं मिळून 21 हजारांच्या आसपास. त्या कॅसेटमध्ये दीर, नणंद, भाऊ सगळेच आहेत, तेव्हा खर्च वाटून घ्यायला संकोच करू नका. तुमच्यासकट तिघांनीच वाटून घेतला तरी 7-7 हजार येतील. तुमचा वाटा तीन महिन्यांच्या बचतीतून निघेल असं तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून दिसतं.

एडिटिंगमधलं एक काम मात्र लगेच करा, त्याला पैसा लागत नाही. सासूबाई 84 वर्षांच्या आहेत असं तुम्ही लिहिलंय. फाइल हातात आल्या की त्यांना शेजारी बसवा, पंगतीतला कोण कोण, पालखीपुढे नाचणारे कोण, हे विचारून मुलाला वहीत लिहायला सांगा. काटछाट त्यानंतर, मुलाची परीक्षा झाल्यावर होऊ दे.

सुरुवातीला दोनच कॅसेट द्या, आणि कुरिअरने न पाठवता पुण्याला जाणाऱ्या घरच्या माणसाबरोबर पाठवा. फाइल बघून समाधान झालं की मग बाकीच्या.