लंडनची निदर्शने, मुखवटा आणि फलकावरील मजकूर

प्रश्न : आमची मुलगी विद्यार्थी व्हिसावर लंडनमध्ये एम.एस्सी. करीत आहे. तेथील ‘चर्च ऑफ सायंटॉलॉजी’ या, स्वतःला धर्म म्हणविणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या इमारतीसमोर होणाऱ्या निदर्शनांना तिचे वर्गमित्र जाणार असून तिनेही यावे असा त्यांचा आग्रह आहे. सगळे जण मुखवटे घालतात, असे ती सांगते. परक्या देशात, तेही कोणाच्या धर्माविरुद्ध, रस्त्यावर उतरणे आम्हा उभयतांना धोक्याचे वाटते. पोलिसांनी पकडले तर व्हिसाचे काय? आणि मुखवटा घालणे योग्य आहे का? — एक पालक, नाशिक

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, परंतु तिचा रोख थोडा चुकला आहे असे मला वाटते. निदर्शनांना जाण्यात फारसा धोका नाही. धोका असलाच तर तो तेथे गेल्यावर काय करायचे हे ठाऊक नसण्यात आहे.

प्रथम कायद्याविषयी. आपल्याकडे मोर्चा म्हटला की पोलीस ठाण्याची परवानगी, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 37 आणि जमावबंदी या गोष्टी लगेच डोळ्यांपुढे येतात. इंग्लंडमध्ये मिरवणुकीसारखा मोर्चा काढायचा असेल तर 1986 च्या पब्लिक ऑर्डर अॅक्टनुसार आयोजकांनी सहा दिवस आधी पोलिसांना लेखी कळवावे लागते. एका जागी उभे राहून निदर्शने करायची असतील तर मात्र अशी पूर्वसूचना लागत नाही. त्याच कायद्याच्या कलम 14 खाली पोलिसांना जागा, वेळ आणि संख्या यांबाबत अटी घालता येतात आणि त्या मोडणे हा गुन्हा ठरतो. अटीची कल्पना नव्हती, ही सबब 2022 च्या दुरुस्तीपासून लंगडी झाली आहे; कल्पना असायला हवी होती, एवढे सिद्ध झाले तरी पुरते. म्हणून कन्येने तेथे पोहोचताच, कोठे उभे राहण्यास मनाई आहे का, हे आयोजकांना विचारून घ्यावे. फिकट निळ्या जाकिटातील पोलीस हसतमुखाने गप्पा मारायला येतील. ते संपर्क अधिकारी असतात. त्यांच्याशी सौजन्याने बोलावे, मात्र आपण बोललेले त्यांच्या टिपणवहीत जाऊ शकते हे विसरू नये.

व्हिसाच्या अर्जात दोषसिद्धी, पोलिसांनी दिलेला औपचारिक ‘कॉशन’ (नोंद होणारी ताकीद) आणि प्रलंबित खटला यांची माहिती द्यावी लागते. पदपथावर फलक घेऊन उभे राहण्याची नोंद तेथे मागितली जात नाही. प्रसंग ओढवलाच तर लवकर सुटका व्हावी म्हणून ‘कॉशन’वर सही करून मोकळे होण्याचा मोह टाळावा. कॉशन स्वीकारणे म्हणजे गुन्हा कबूल करणे होय. पोलीस ठाण्यात वकील विनाशुल्क मिळतो आणि तो परदेशी विद्यार्थ्यालाही मिळतो.

आता मुखवट्याविषयी. जानेवारी 2008 मध्ये टॉम क्रूझ या अभिनेत्याची, मुळात संस्थेतील लोकांसाठी असलेली एक चित्रफीत इंटरनेटवर फुटली. संस्थेने स्वामित्वहक्काचा हवाला देऊन ती काढून टाकण्याची मागणी केली, तेव्हा ‘अॅनॉनिमस’ या नावाने वावरणारी तरुण मंडळी भडकली. आरंभी त्यांनी संस्थेच्या संकेतस्थळांवर हल्ले चढविले, जे सरळसरळ बेकायदा होते. संस्थेवर अनेक वर्षे टीका करणारे अमेरिकी पत्रकार मार्क बंकर यांनी त्यांना जाहीरपणे खडसावले, की हा मार्ग सोडा आणि कायद्यात राहून लढा. आश्चर्य म्हणजे त्यांनी ते ऐकले. 10 फेब्रुवारी 2008 रोजी जगातील सुमारे शंभर शहरांत हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांपैकी अनेकांच्या चेहऱ्यावर गाय फॉक्सचा (1605 मध्ये ब्रिटिश संसद उडविण्याच्या कटातील एक जण) तो मिशीवाला, हसरा मुखवटा होता. निदर्शकांसाठी फिरविलेल्या सूचनांत पोलिसांचे ऐका, मद्य पिऊन येऊ नका, शक्यतो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूस उभे राहा आणि चेहरा झाका, असे स्पष्ट सांगितले होते.

चेहरा झाकण्यास कारण होते. संस्थेचे संस्थापक एल. रॉन हबर्ड यांनी 1967 मध्ये विरोधकांबाबत ‘फेअर गेम’ हे, त्यांना फसविणे वा कोणत्याही मार्गाने त्रास देणे क्षम्य मानणारे धोरण लिहून ठेवले होते. ते पुढच्याच वर्षी रद्द केल्याचे संस्था सांगते. परंतु न्यू यॉर्कच्या पत्रकार पॉलेट कूपर यांनी टीकात्मक पुस्तक लिहिल्यावर त्यांच्या नावाने बॉम्बच्या धमक्यांची बनावट पत्रे तयार करण्यात आली आणि कूपर यांनाच खटल्यात गोवण्यात आले. 1977 मध्ये एफबीआयने संस्थेच्या कार्यालयांवर छापे घातले तेव्हा हे कारस्थान कागदोपत्री उघड झाले. सरकारी कार्यालयांत घुसखोरी करून कागदपत्रे पळविल्याबद्दल खुद्द हबर्ड यांच्या पत्नीसह अकरा जणांना अमेरिकेत दोषी ठरविण्यात आले. हा इतिहास माहीत असलेल्याने तोंड झाकले तर त्याला भित्रा म्हणता येणार नाही.

तरीही कन्येने मुखवटा घालू नये, असे माझे मत आहे. 1994 च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर अॅक्टच्या कलम 60एए खाली अधिकृत आदेश निघाला असेल तर पोलीस मुखवटा उतरवायला लावू शकतात आणि नकार देणे हा गुन्हा आहे. एका प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी व्हिसा पणाला लावण्यात अर्थ नाही. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्या दारातून ये-जा करणारी बहुतेक माणसे धोरणे ठरविणारी नसतात, साधे कर्मचारी आणि श्रद्धाळू असतात. संस्थेतून बाहेर पडलेल्या अनेकांनी सांगितले आहे, की विरोधकांशी, प्रसंगी स्वतःच्या आईवडिलांशीही, संबंध तोडायला त्यांना भाग पाडले गेले. असे कोणी कोणाला भाग पाडत नाही, असे संस्थेचे म्हणणे आहे. ज्याचे मन आत द्विधा झाले आहे त्याला समोर उघडा, माणसाचा चेहरा दिसला तर तो एखादे पत्रक घेईल, मुखवट्यांची रांग पाहून मान खाली घालून निघून जाईल. छायाचित्रे निघतील, हे मात्र गृहीत धरावे. ते नको असेल तर घरी राहणेच बरे.

फलकावर काय लिहावे, हे आपण विचारलेले नाही, पण खरी मेख तेथेच आहे. मे 2008 मध्ये लंडनच्या क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील संस्थेच्या मुख्यालयासमोर (गंमत अशी की, ही इमारत पूर्वी बायबल सोसायटीची होती) पंधरा वर्षांचा एक मुलगा ‘सायंटॉलॉजी हा धर्म नसून घातक कल्ट आहे’ अशा अर्थाचा फलक घेऊन उभा होता. सिटी ऑफ लंडन पोलिसांनी त्याला फलक खाली घेण्यास सांगितले. त्याने नकार दिला आणि 1984 मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेटी यांनी याच संस्थेवर ओढलेल्या कडक ताशेऱ्यांचा आधार सांगितला. त्याच्या हाती समन्स पडले, परंतु हे शब्द शिवीगाळ किंवा अपमान ठरत नाहीत, असे सांगून सरकारी अभियोक्त्यांनी काही दिवसांतच प्रकरण बंद केले. त्याच्यावर पब्लिक ऑर्डर अॅक्टच्या ज्या कलम 5 चा बडगा उगारला गेला त्यातील ‘अपमानास्पद’ हा शब्दही 2014 पासून गळला आहे. तेव्हा न्यायनिर्णयात जे आहे तेच फलकावर लिहावे, व्यक्तीचे नाव टाळावे आणि आत जाणाऱ्याच्या अंगावर ओरडू नये. भाविकाची टिंगल झाली की लोकांची सहानुभूती लगेच पलीकडच्या बाजूस जाते, हे आपण पंढरपूरपासून पुण्यापर्यंत पाहतच असतो.

प्रश्न : ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सायंटॉलॉजीला धर्म म्हणून मान्यता दिल्याचे वाचले. मग अशी निदर्शने धार्मिक भावना दुखावण्याच्या गुन्ह्यात मोडत नाहीत का? — विधी शाखेची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : मोडत नाहीत. डिसेंबर 2013 च्या त्या निकालात मुद्दा विवाहाचा होता. एका जोडप्याला लंडनमधील संस्थेच्या चॅपलमध्ये कायदेशीर विवाह करायचा होता आणि त्यासाठी ती जागा 1855 च्या कायद्याखाली उपासनास्थळ म्हणून नोंदविली जाणे आवश्यक होते. न्यायालयाने ती नोंद मान्य केली, संस्थेच्या वर्तनाला प्रशस्तिपत्र दिलेले नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 शी तंतोतंत जुळणारे कलम तेथे नाही. धार्मिक द्वेष भडकविण्याविरुद्ध 2006 चा कायदा आहे, पण धर्मावरील टीका, उपहास आणि नापसंती यांना त्यात स्पष्ट संरक्षण दिले आहे. धर्म म्हणून मान्यता असणे आणि फौजदारी जबाबदारीतून सुटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रान्समध्ये 2009 साली याच संस्थेला संघटित फसवणुकीबद्दल दोषी ठरवून सहा लाख युरोंचा दंड करण्यात आला आणि 2013 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.