जनुकीय विचलन, अपवाह की प्रवाह?

ऐरोलीच्या एका शिक्षिकांनी विचारलंय: जेनेटिक ड्रिफ्टला कुणी 'जनुकीय विचलन' लिहितं, कुणी 'जनुकीय अपवाह', जीन फ्लो मात्र 'जनुक-प्रवाह'. मुलं अपवाह नि प्रवाह एकच धरून चालतात. वर्गात कोणता शब्द वापरावा?

विचलन वापरा, बाई. 'अपवाह'मधला 'वाह'च सगळा घोळ घालतो, कारण ड्रिफ्टमध्ये काहीच कुठून कुठे वाहत नाही. वाहणं दाखवायचं तर मुलांना खाडीकाठी न्या. भरतीच्या पाण्यावर तिवराच्या चपट्या, हिरवट बिया तरंगत असतात. पातळ साल सुटून आतली दोन जाड दलं उघडी पडलेली. ऐरोलीकडची अशी एखादी बी पलीकडे ठाण्याच्या चिखलात रुजली, मोठी झाली आणि तिचे पराग तिथल्या तिवरांत मिसळले, की तो झाला जनुक-प्रवाह. इंग्रजीत पाण्यावर वाहत जाण्यालाही ड्रिफ्टच म्हणतात, त्यामुळे शब्दाला शब्द ठेवणारा नेमका इथे फसतो.

विचलनात बदलतं ते एखाद्या गटातलं जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांचं प्रमाण, तेही निव्वळ योगायोगानं. पीटर ब्युरी यांनी 1956 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग सांगण्याजोगा आहे. फळमाश्यांचे 107 गट, दर पिढीला प्रत्येक गटात 8 नर नि 8 माद्या. एका जनुकाची दोन रूपं सुरुवातीला निम्मी-निम्मी. 19 पिढ्यांनी पाहिलं तर निम्म्याहून जास्त गटांत एकच रूप उरलेलं, पण कुठे हे, कुठे ते! एखादं रूप सरस असतं तर बहुतेक गटांत त्याचीच सरशी झाली असती. तिला आपण नैसर्गिक निवड म्हणतो.

'विचलन'ही निर्दोष नाही. संख्याशास्त्रातलं प्रमाण विचलन आठवतं, शिवाय ठरल्या वाटेवरून ढळल्याचा वास येतो. बोलताना मी सरळ 'भरकटणं' म्हणतो: गट लहान तर भरकट मोठी, गट मोठा तर किरकोळ.

उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातच होणारा बदल, या शब्दाबद्दल वाद नाही, नवं रूप मुळात तिथूनच येतं. 'म्युटेशन' म्हणालात तरी चालेल. फक्त सातबारावाल्या घरातल्या मुलाला फेरफार नोंद आठवेल, तिलाही इंग्रजीत म्युटेशनच म्हणतात.

वहीत लिहून द्यायला दोन वाक्यं: 'छोट्या गटात विचलनानं एक रूप नाहीसं झालं' हे बरोबर. 'विचलनानं जनुकं खाडीपार गेली' हे चूक.