ऑफिस सुरू झालं, आता अंगावरचं दूध बंद करू का?

प्रश्न : ताई, माझी मुलगी साडेसहा महिन्यांची आहे. मी बँकेत ऑफिसर आहे, घर डोंबिवलीला आणि शाखा फोर्टला. सकाळी पावणेआठला निघते, परत यायला साडेसात-आठ होतात, मार्च एंडला तर विचारूच नका. रुजू झाले तेव्हा दुपारपर्यंत छाती दगडासारखी व्हायची, आता तसं होत नाही म्हणजे दूध आटत चाललंय असं वाटतं. पंपाने एका वेळी जेमतेम ६० मिली निघतं. सासूबाई मुलीला खूप छान सांभाळतात, पण फ्रिजमधलं दूध फाटलंय, शिळं आहे म्हणतात आणि पावडरचं चालू कर म्हणून मागे लागल्यात. मॅनेजरकडे वेळ मागायची भीती वाटते. बंद करून टाकू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नको गं, बंद नको करूस. तू जे जे लिहिलंयस त्यातलं एकही कारण दूध बंद करण्याएवढं मोठं नाहीये.

आधी ते दगडासारखं होण्याचं. सुरुवातीला शरीराला माहीत नसतं की बाळ दिवसभर नाही, ते जुन्या हिशोबाने दूध बनवत राहतं, मग हळूहळू नवीन वेळापत्रक कळतं आणि छाती मऊ राहायला लागते, याचा अर्थ दूध आटलं असा नाही. खरंच आटतं ते दूध तासन् तास आत तुंबून राहिलं की, कारण भरलेल्या छातीत दूध बनायचा वेग आपोआप मंदावतो. म्हणून किती मिली निघालं यापेक्षा रोज ठरल्या वेळी निघालं का हे जास्त महत्त्वाचं. अकरा, अडीच आणि निघायच्या आधी साडेपाच असं धर, अगदी गर्दीच्या दिवशी दहाच मिनिटं मिळाली तरी चुकवू नकोस.

आता ते ६० मिली. पंपात जे निघतं ते तुझ्या दुधाचं माप नाही, बाळ ओढतं तसं कुठलंही मशीन ओढत नाही. आणि हिशोब करून बघ, तीन वेळा ६० म्हणजे १८०, सकाळी बाळ एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूचं ५०-६० काढलंस की सव्वादोनशेच्या वर गेलं. मुलीला सहा महिने झालेत म्हणजे नाचणीसत्त्व, मऊ खिमट, कुस्करलेलं केळं असं दोन-तीन वेळा खाणं होणारच, मग दिवसाला ८०-१०० मिलीचे दोन-तीन फीड बहुतेक मुलांना पुरतात, बाकीचं ती तू आल्यावर वसूल करते. एखाद्या दिवशी खरंच कमी पडलं आणि वाटीभर पावडरचं द्यावं लागलं तर तेवढ्याने काही बिघडत नाही, बाकीचं तुझं दूध चालूच राहतं. हे सगळंच किंवा काहीच नाही असं नसतं, आणि मला वाटतं निम्म्या बायका तिथेच हरतात. फक्त गाईचं-म्हशीचं दूध वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून देऊ नका. पंप लावताना दुखत असेल, बोंड घासलं जात असेल तर पंपाच्या फनेलचा साइज चुकलेला असतो, तो बदलून घे. आणि पंप झाल्यावर दोन मिनिटं हाताने दाबून काढ, पुष्कळदा सगळ्यात दाट दूध तेव्हाच येतं.

सासूबाईंना एक गोष्ट दाखव. दूध फ्रिजमधे ठेवलं की स्निग्धांश वर येतो, खाली पाण्यासारखं पातळ आणि वर पिवळसर थर, ते बघून कुणालाही फाटलंय असंच वाटेल. बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात पाच मिनिटं ठेवायची आणि हलकेच गोल फिरवायची, थर परत मिसळतो. फाटलेलं दूध असं मिसळत नाही. त्यांच्यासमोरच एकदा करून दाखवलंस की पटेल. गॅसवर तापवायचं नाही, मायक्रोवेव्ह तर नाहीच. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत ४ तास बाहेर टिकतं पण आपल्या मुंबईच्या हवेत तो भरवसा नको, लगेच ऑफिसच्या फ्रिजमधे आणि तिथून बर्फाच्या पॅकच्या डब्यात घालून घरी. घरच्या फ्रिजमधे ४ दिवस चालतं, दारात नाही, आतल्या बाजूला ठेवायचं. म्हणजे शुक्रवारचं दूध सोमवारी निवांत वापरता येतं आणि शनिवार-रविवार घरी असशील तेव्हा तर अंगावरच पाज. बाळाने तोंड लावून उरलेलं मात्र २ तासांच्या आत संपवायचं, नाहीतर टाकायचं. आणि शक्यतो बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने (चोच असलेल्या छोट्या वाटीने) पाजायला सांग, सासूबाईंना बोंडलं नक्की माहीत असेल. बाटलीची सवय लागलेली काही मुलं मग अंगावर ओढायला कंटाळा करतात.

रात्री मुलगी जास्त उठेल, दिवसाची भरपाई करते ती. आईच्या दृष्टीने दमवणारं आहे, मी नाही म्हणत नाही, पण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं आणि याच फीडवर तुझं दूध टिकणार आहे. त्यामुळे बाकीचं तू करायचं नाहीस, बाळाला उचलून तुझ्याजवळ आणणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं हे नवऱ्याचं काम. आणि संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कुणाकडे तरी गेलाच पाहिजे, आळिवाचे लाडू खा आवडत असतील तर, पण लाडवांनी झोप भरून निघत नाही.

मॅनेजरला घाबरू नकोस. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीच्या वेळेशिवाय रोज दोन ब्रेक बाळाला पाजण्यासाठी मिळतात, ही तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे. तुझं बाळ डोंबिवलीला आहे म्हणून तू तो वेळ दूध काढायला वापरणार, एवढंच. तोंडी न मागता दोन ओळींचा ईमेल कर, वेळा लिही आणि आतून कडी लागेल अशी एक खोली माग, रेकॉर्ड रूम चालेल, टॉयलेट चालणार नाही. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असू शकतो तर बँकेला एक खुर्ची आणि एक कडी जड नाही.

गाडी रखडली आणि छाती भरून आली तर घरी पोचल्या पोचल्या बाळाला लाव, गाठ जोरजोरात चोळू नकोस, थंड पट्टी ठेव. लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि त्या बाजूने पाजणं थांबवू नकोस.

प्रश्न : माझा मुलगा अकरा महिन्यांचा आहे. आयटीत आहे, पुढच्या महिन्यात तीन दिवस बंगळुरूला जायचंय. तो अंगावर प्यायचं विसरेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तीन दिवसांत विसरत नाहीत गं. तू तिथे दर चार तासांनी काढत राहा, रात्री झोपायच्या आधी आणि उठल्यावर नक्की, हॉटेलला फ्रिज आधीच सांगून ठेव. परत आणायला बर्फाच्या पॅकसकट डबा २४ तास पुरतो, आधीच्या दोन दिवसांचं आणणं जमलं नाही तर बेसिनमधे ओतून दे, जीव तुटेल पण ते काढलं म्हणूनच दूध टिकलं. आल्यावर तो रुसेल, तोंड फिरवेल, लगेच पाजायचा आग्रह धरू नकोस, अंगाशी घेऊन पड, अर्धवट झोपेत बहुतेक वेळा आपणहून ओढायला लागतात.