रत्नागिरी आणि आसपासचे किनारे दोन दिवसांत सायकलने बघून होतील का? चढ फार आहेत म्हणतात. बिनगिअरची सायकल चालेल का?

चालेल. चढ आला की उतरायचं आणि सायकल ढकलायची.

एवढ्यावर थांबलो असतो. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘सोबतचे मित्र सरावाचे आहेत, त्यांच्यासमोर उतरावं लागलं तर लाज वाटेल.’ त्या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय.

मी मांडवीचा. रत्नागिरी शहर दोन मजली आहे: खाली बंदर, बाजारपेठ, मांडवी, वर मारुती मंदिर, नाचणे, थिबा राजवाडा. खालून वर जायचं तर चढ चुकत नाही. वडील कोर्टात कारकून होते आणि त्यांच्याकडे चोवीस इंची काळी सायकल होती, बिनगिअरची. रोज सकाळी चढ सुरू झाला की ते उतरायचे आणि हँडल धरून शांतपणे चालू लागायचे. मी एकदा विचारलं, बसून का नाही चढत? म्हणाले, घामाने भिजलेल्या शर्टात साहेबासमोर उभं राहायचं का? त्यात कमीपणा आहे हे त्यांच्या मनातही नव्हतं. तेव्हा सगळेच उतरायचे, पाववाला, पोस्टमन, आमचे गणिताचे सर.

रविवारी ते मला कॅरिअरवर बसवून भगवती किल्ल्यावर न्यायचे. कागदोपत्री रत्नदुर्ग, पण गावात कोणी तसं म्हणत नाही. चढाशी मीही खाली उडी मारायचो आणि मागून ढकलायचो. वळणावर दम घ्यायला थांबलो की खाली मिरकरवाड्याच्या होड्या दिसायच्या. मांडवीची वाळू काळी आणि पांढऱ्या समुद्राची पांढरी, मधे हा किल्ल्याचा डोंगर, हे भूगोलाच्या तासाला नाही, त्या वळणावर कळलं.

आता आतेभावाची गोष्ट.

माझा आतेभाऊ पुण्याचा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. सहा-सात वर्षांपूर्वी जानेवारीत तो पाच मित्रांना घेऊन आला. सगळ्यांच्या सायकली हलक्या, बारीक टायरच्या, हँडलवर वेग दाखवणारं यंत्र. मला म्हणाला, दादा, तू वाट दाखवायला चल. मी आनंदाने निघालो. पहाटे अंधारातच शिरगाव सोडलं आणि साखरतरच्या पुलावर जरा उजाडलं. खाडीत ओहोटी लागलेली, कांदळवनाची मुळं उघडी पडलेली. मी थांबून हात करत होतो, तोवर ते पूल ओलांडून गेलेही होते.

आरेच्या पुढे रस्ता समुद्राच्या कडेने डोंगरावर चढतो. खाली आरेचा किनारा, पलीकडे वारेचा, मधे टेकडी. चढ सुरू झाला तसा मी उतरलो. मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. आतेभाऊ वरून परत फिरून आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘दादा, उतरलास की राइड मोडली. त्यापेक्षा गाडी घेऊन यायचं होतंस.’ मित्र हसले. वाईट हेतूने नसतील, पण हसले. मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो, आणि ज्या रस्त्यावर लहानपणापासून फिरलो तिथे मला पाहुण्यासारखं वाटलं.

ते गेले. मी ढकलत राहिलो. मागून डोक्यावर टोपली घेतलेल्या एक मावशी आल्या. ‘पंक्चर झाली काय ओ?’ म्हटलं, नाही, चढ आहे म्हणून उतरलोय. ‘मग बरं आहे, चला,’ म्हणाल्या आणि माझ्या बरोबरीने चालू लागल्या. वळणावर त्यांनीच हनुवटीने खाली दाखवलं. रापण लागली होती.

कधी पाहिली नसेल तर सांगतो. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. किनाऱ्यावर उभं राहिलं तर फक्त ओढणारी पाठ दिसते. वरून मात्र सगळी आकृती दिसते: पाण्यात जाळ्याचा मोठा अर्धगोल, वाळूवर माणसांच्या दोन ओळी, आणि त्या ओळी पावलापावलाने एकमेकींकडे सरकताना. सूर्य आमच्या मागे डोंगराआड होता. त्यामुळे किनारा अजून सावलीत आणि लांबचं पाणी उजळलेलं. मावशींचे दीर त्या उजव्या ओळीत होते. ‘आज जड दिसतंय,’ असं त्या ओढणाऱ्यांच्या पाठी बघूनच म्हणाल्या. आम्ही उभे राहिलो.

गणपतीपुळ्याला मी पोचलो तेव्हा ते सहाजण चहा पिऊन बसले होते. पस्तीस मिनिटं झाली म्हणाले. मी विचारलं, रापण बघितलीत का? ‘कुठे?’ सहापैकी एकानेही पाहिली नव्हती. त्याच रस्त्याने, त्याच वळणावरून गेले होते. आतेभावाने मला यंत्रावरचा सरासरी वेग दाखवला.

तेव्हापासून आमच्याकडे लग्न असो, मुंज असो, ही गोष्ट निघते: दादा रत्नागिरीचा आणि आरेची घाटी ढकलत चढला. यंदा बारशातही निघाली. मी तिथे गप्प बसतो, कारण समोर माणसं जेवत असतात. म्हणून हिशोब इथे मांडतो. माझ्यासारखा माणूस असा चढ बसून चढला तर ताशी सहा किलोमीटर जाईल, ढकलत गेला तर चार. एक किलोमीटरच्या चढाला दहा मिनिटांऐवजी पंधरा लागतात. म्हणजे पाच मिनिटं गेली. गणपतीपुळ्यापर्यंत असे लहानमोठे चढ धरून मी वीस मिनिटं गमावली असतील. उरलेली पंधरा मिनिटं मी रापण बघत उभा होतो. ती गमावली असं मला कोणी पटवून दाखवावं.

ज्याला स्वतःचा दम मोजायचा आहे त्याला पुण्यात सिंहगडाचा घाट आहे, वाटेल तितक्या वेळा चढावा. त्यासाठी कोकण रेल्वेने सायकल आणायची गरज नाही. रत्नागिरीला आलात तर उतरा.

आता तुमचे दोन दिवस. पहिल्या दिवशी गणपतीपुळे, दुसऱ्या दिवशी पावस. याला कारण वारा आहे. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा मंद असतो, साधारण अकरानंतर खारा, म्हणजे समुद्रावरून येणारा वारा धरतो आणि आपल्याकडे तो बहुतेक वायव्येकडून येतो. उत्तरेला गणपतीपुळ्याला उजाडता उजाडता निघालात तर जाताना वारा नसतो आणि दुपारी परतताना तो पाठीवर घेता येतो. शहरापासून किनाऱ्याच्या रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर आहे. पावस दक्षिणेला, म्हणजे परतीला वारा छातीवर. तिथून नऊ-साडेनऊला तरी फिरा, नाहीतर ऊन उतरेपर्यंत तिथेच थांबा.

पावसच्या वाटेवर भाट्याचा पूल लागतो, मग सुरूच्या बनाच्या कडेने सपाट रस्ता आणि झरी विनायकाचं देऊळ. त्यानंतर चढ. उतरायचं, सांगितलंच. वर आलात की सडा: जांभ्याचा मोकळा कातळ, आंबराया, चिऱ्यांचे गडगे. इथे मात्र सायकल नुसती पळते. पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी आहे. पुढे मुचकुंदीच्या मुखावर पूर्णगड आहे, पण दोन दिवसांत तो बसवायचा हट्ट नको.

शहरातलं सगळं पहिल्या दिवशी संध्याकाळी होतं, अंतरं लहान आहेत. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर, १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर. मग वर थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. राजवाडा १९१० साली झाला आणि १९१६ साली राजा इथेच वारला, म्हणजे त्याच्या वाट्याला हे घर जेमतेम सहा वर्षं आलं. सूर्यास्ताला थिबा पॉइंटवर बसा, खाली भाट्याची खाडी आणि पूल दिसतो.

सायकल कुठलीही आणा, टायर फार बारीक नकोत. गिअर नसले तरी चालेल, पण ब्रेकचे रबर नवे पाहिजेत, कारण चढ ढकलता येतो, उतार ढकलता येत नाही. आधीच सांगायला हवं होतं ते म्हणजे, पावसाळ्यात हे काही करू नका. जांभ्यावर शेवाळ धरतं आणि उताराला चाक सटकतं. एप्रिल-मे मध्येही नको, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. शनिवार-रविवारी आरे-वारेला गाड्यांची रांग असते, आणि तुम्ही ढकलत चालाल तेव्हा डावीकडची कड सोडू नका. मधला वार मिळाला तर बघा. पाणी कितीही शांत दिसलं तरी आरे-वारेला आणि गणपतीपुळ्याला पोहायला उतरू नका, आतली ओढ जबर आहे. गुडघ्यांचं दुखणं असेल तर ढकलण्यानेही त्रास होतो, त्यांनी भाट्ये आणि मिऱ्याची सपाट बाजू एवढंच करावं.

संध्याकाळी मुक्कामाला पोचलात की सायकल गोड्या पाण्याने धुवा, पुसा आणि चेनला तेल घाला. दुसऱ्या दिवसावर टाकू नका. वडील मांडवीला राहून वर्षानुवर्षं हे करत आले. आतेभावाला त्या संध्याकाळी मी बादली भरून दिली होती. तो म्हणाला, पुण्याला जाऊन बघू. पुण्याला पोचला तोवर चेनवर तांबूस थर आला होता.