जेनेट रँकिन: दोन महायुद्धांना नकार देणाऱ्या खासदार

अमेरिकी संसदेवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्रीविषयी वाचकांचे काही प्रश्न आले आहेत.

प्रश्न: अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार १९२० मध्ये मिळाला. मग रँकिनबाई १९१६ मध्ये कशा निवडून आल्या?

१९२० ची घटनादुरुस्ती साऱ्या देशासाठी होती. काही राज्यांनी त्याआधीच हा हक्क दिला होता. मोंटानाने १९१४ मध्ये दिला आणि त्या चळवळीत बाई स्वतः राज्यभर फिरल्या होत्या. ती ओळख रिपब्लिकन उमेदवार म्हणून उपयोगी पडली.

प्रश्न: पहिल्या महायुद्धाला विरोध केल्यामुळेच त्या १९१८ मध्ये हरल्या ना?

सगळे खापर त्या मतावर फोडणे मला पटत नाही. ६ एप्रिल १९१७ रोजी प्रतिनिधीगृहात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, युद्धाचा ठराव ३७३ विरुद्ध ५० मतांनी संमत झाला. म्हणजे विरोधात ४९ पुरुषही होते, पण बोट दाखवले गेले ते बाईंकडे. १९१६ मध्ये मोंटानाच्या दोन्ही जागांसाठी अख्खे राज्य मत देत होते. पुढे राज्याचे दोन मतदारसंघ पाडले गेले आणि बाईंच्या वाट्याला डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला आला. म्हणून त्यांनी सिनेटची, म्हणजे वरिष्ठ सभागृहाची, वाट धरली. पक्षाची उमेदवारी हुकली, तिसऱ्या पक्षाकडून उभ्या राहिल्या आणि पडल्या. त्यात अ‍ॅनाकोंडा या बलाढ्य तांबे कंपनीशी वैर. जून १९१७ मध्ये मोंटानातल्या ब्यूट शहरातील खाणीत आग लागून १६८ कामगार गेले. त्यानंतरच्या संपात बाई कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या. हे धैर्य युद्धविरोधाइतकेच मोठे होते, पण त्याची आठवण फार कमी जण काढतात.

प्रश्न: पर्ल हार्बरनंतरही विरोध? हा हट्टच नव्हे का?

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानविरुद्धच्या युद्धाच्या ठरावावर मते पडली ३८८ विरुद्ध १; ते एक मत बाईंचे. देशावर हल्ला झालेला असताना तो निर्णय चुकला, असेच मला वाटते. पण १९४० मध्ये पुन्हा निवडून येताना त्यांनी युद्धविरोध लपवलेला नव्हता. मतदानानंतर संतप्त गर्दीपासून वाचण्यासाठी त्यांना टेलिफोन बूथमध्ये शिरावे लागले. पोलिसांनी त्यांना कार्यालयापर्यंत पोहोचवले. १९४२ ची निवडणूक त्यांनी लढवलीच नाही.

प्रश्न: त्या गांधीजींना भेटल्या होत्या का?

नाही. गांधीविचारांच्या ओढीने १९४६ पासून त्या अनेकदा भारतात आल्या, पण भेटीचा योग आला नाही. जानेवारी १९६८ मध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध हजारो स्त्रियांचा मोर्चा घेऊन त्या वॉशिंग्टनमध्ये चालल्या.