कार्ब्युरेटरच्या बुलेट ३५० ला फ्री-फ्लो (कमी अडथळ्याचा) सायलेन्सर आणि कोन फिल्टर (उघडा, शंकूसारखा एअर फिल्टर) लावल्यावर जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, बदलावा लागतो का?

हो, लागतोच. हवा जास्त येते, पेट्रोल मात्र जुन्या जेटमधून तेवढंच, म्हणून मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. थ्रॉटल सोडल्यावरचं फटफटणं बहुतेक त्याचंच. पण आधी हेडजवळची सायलेन्सरची गॅस्केट बघा, ती लीक असली तरी अगदी तसाच आवाज येतो.

एकदम मोठा मेन जेट ठोकू नका. साधारण पाव थ्रॉटलपर्यंत पेट्रोल पायलट जेट (छोटा जेट) ठरवतो, मध्ये नीडल (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी सुई), पाऊणच्या पुढे मेन जेट. गाडी कुठे अडखळते त्यावर काय बदलायचं ते ठरतं. मेन जेट एकेक साइजनेच वाढवा. नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर उठते, पेट्रोल वाढतं.

मग नवा प्लग लावून मोकळ्या रस्त्यावर फुल थ्रॉटलने पळवा, क्लच दाबून तिथल्या तिथे इंजिन बंद करा आणि प्लग काढा. आयडलवर घरी आणलेला प्लग खोटं सांगतो. प्लगच्या टोकाचं पोर्सेलिन पांढरंफटक असेल तर लीन, काजळी धरली असेल तर रिच (पेट्रोल जास्त), फिकट बदामी असेल तर जमलं. पांढरा दिसत असताना हायवेवर दामटू नका, पिस्टन जाम होऊ शकतो.

आणि कोन फिल्टर काढून मूळ एअरबॉक्स (फिल्टरची बंद पेटी) परत बसवा, असं मनापासून सांगतो. आपल्याकडची धूळ आणि पाऊस कोन फिल्टरला झेपत नाही.